राहिले अठ्ठेचाळीस

१

दिल्लीत दिवाळी झाली की लोक दोन कामं उरकतात. उरलेल्या चकल्या संपवतात आणि खिडक्या लावून घेतात. मिराश्यांच्या घरी पहिलं काम सुखदाबाईंकडे, दुसरं श्रीपादरावांकडे. आणि श्रीपादरावांचं काम इतकं चोख की समोरच्या फ्लॅटमधले अहलुवालिया चहाचा कप घेऊन खास बघायला यायचे. रुंद तपकिरी टेप, कात्री, ओलं फडकं आणि स्टूल. खिडक्यांच्या फटी, बाल्कनीच्या सरकत्या काचा, एक्झॉस्ट फॅनचं भोक, एसीच्या नळीभोवतीची बोटभर पोकळी, काही म्हणता काही सुटायचं नाही. नोएडाच्या त्या टॉवरबाहेर हवेचा आकडा साडेचारशे असो की सहाशे, अकराव्या मजल्यावरच्या या घरात तो सत्तरच्या वर चढायचा नाही.

शेवटची पट्टी अंगठ्यानं दाबून श्रीपादराव म्हणायचे, "चला, विहीर निजली."

हा त्यांच्या धंद्यातला शब्द. उभं आयुष्य त्यांनी जमिनीखालच्या वायूचा दाब मोजण्यात घालवलं होतं. विहिरीच्या पोटात किती वायू आहे ते उतरून बघता येत नाही. मग काय करायचं, तिच्या तोंडावरची झडप घट्ट बंद करायची, म्हणजे तिला निजवायची, आणि दर तासाला दाब किती चढला ते लिहीत बसायचं. तोंड दाबून धरलेल्या माणसाच्या पोटात काय आहे ते त्याच्या डोळ्यांवरून कळतं ना, तसंच. बहात्तर तास झाले की झडप उघडायची, म्हणजे विहीर उठवायची. उठवायची मात्र हळू. एकदम उठवलेली विहीर समोर साहेब उभा आहे की शिपाई ते बघत नाही.

"अहो, विहीर निजली हे ठीक," सुखदाबाई म्हणायच्या, "पण तिच्यात आपण आहोत ना!"

यावर श्रीपादराव हसायचे. हॉलमधल्या शोकेसवर एक पितळी प्रेशर गेज होता, सागवानी पाटावर बसवलेला. चांगला पोळीएवढा मोठा, शून्य ते पाच हजार आकडे आणि एक काळा काटा. नऊ वर्षांपूर्वी त्यांची दिल्लीला बदली झाली तेव्हा साइटवरच्या लोकांनी दिलेली भेट. अकरा नंबरच्या विहिरीवरचा होता तो. त्याला आता ना नळी, ना विहीर. काटा शून्यावर मान टाकून पडलेला असायचा. रोज सकाळी श्रीपादराव त्याच्यावरून मऊ फडकं फिरवायचे आणि मग चहाला बसायचे. नऊ वर्षांत यात खंड नव्हता.

२

संक्रांतीच्या दिवशी सकाळी साडेसहाला महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला निघाली आणि सुखदाबाई तिच्यात होत्या. दर वर्षी त्या काला अंबला, तिथल्या युद्धस्मारकाला, फुलं वाहायला जायच्या. या वर्षी तिथून पुढे चंडीगडला बहिणीकडे चार दिवस.

"गुळाच्या पोळ्या डब्यात आहेत, तुपाशिवाय खाऊ नका," जाताना त्यांनी बजावलं. "आणि सणाचं कुणाशी वाद घालू नका. गोड बोला."

कामवाली खिचडीच्या सणाला, म्हणजे तिकडच्या संक्रांतीला, बिहारला गेलेली. प्रदूषणामुळे ऑफिसनं अर्ध्या लोकांना घरून काम करायला सांगितलेलं. निवृत्तीला राहिलेले सतरा दिवस. श्रीपादराव मजेत होते. निवृत्तीनंतर कंपनीच्या सुरक्षा समितीचं अध्यक्षपद त्यांनाच मिळणार, हे जवळजवळ ठरलं होतं.

सव्वादहाला बेल वाजली. दारात नीला देवस्थळी. लक्ष्मीबाई नगरहून मेट्रो बदलत आलेली, नाकावर मास्क, हातात स्टीलचा छोटा डबा. साइटवर त्यांच्या हाताखाली असलेल्या अंशुमन देवस्थळीची बायको. अंशुमन गेल्यावर तिला अनुकंपेवर दिल्लीत मंत्रालयात नोकरी मिळाली होती.

"अरे, वहिनी! या, या. धुकं आत येतंय, दार लावून घ्या."

तिनं डबा उघडून पुढे केला. "तिळगूळ घ्या," म्हणाली. पुढचे दोन शब्द तिनं म्हटले नाहीत.

श्रीपादरावांनी एक वडी तोंडात टाकली. कडक होती.

"मैत्रेयीचा इंटरव्ह्यू झाला," नीला बसता बसता आपल्या मुलीबद्दल म्हणाली. "तुमच्याच कंपनीत. पॅनलवरच्या एकानं विचारलं, 'देवस्थळी? मतलब वही देवस्थळी, आंकड़े बनानेवाले?' सगळे हसले. मिराशीसाहेब, ती पण हसली. घरी आली, बाथरूममध्ये गेली आणि दीड तास नळ सोडून बसली."

"लोक काय हो, बोलतात."

"लोक बोलत नाहीत. तुम्ही लिहिलंय ते वाचतात."

श्रीपादरावांनी काय लिहिलं होतं ते आता सांगायलाच हवं. अकरा नंबरची विहीर बहात्तर तास निजवायची होती. गेजपाशी बसून आकडे लिहिणारा माणूस होता अंशुमन. चोविसाव्या तासाला श्रीपादरावांना दिल्लीहून फोन आला की बढतीची मुलाखत उद्याच आहे. त्यांनी झडप उघडायला लावली, अंशुमनची वही बॅगेत टाकली आणि विमान पकडलं. उरलेल्या अठ्ठेचाळीस तासांचे आकडे विमानातच लिहून काढले. दाब आता फारसा चढत नाहीये हे कुणालाही दिसत होतं, तीच रेघ पुढे ओढली. शेवटचा आकडा एकतीसशे वीस.

पण त्या विहिरीखाली दोन थर होते. वरचा बडबड्या, पहिल्या दिवशीच सगळं बोलून मोकळा झालेला. खालचा कोंडलेला, तो तोंड उघडणार होता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तीन महिन्यांनी विहिरीच्या दुरुस्तीचं काम निघालं. वायू वर येऊ नये म्हणून तिच्यात जड चिखल भरतात, तो एकतीसशे वीसच्या हिशेबानं भरला. वायूचा स्वभाव असा की तळाशी बुडबुडा मुठीएवढा असतो. वर येता येता, डोक्यावरचं ओझं कमी होत जातं तसा तो फुगतो आणि जमिनीपाशी पोचतो तेव्हा घराएवढा झालेला असतो. तो पोचला तेव्हा झडपेपाशी अंशुमन उभा होता.

चौकशीत श्रीपादरावांनी सांगितलं की शेवटच्या अठ्ठेचाळीस तासांचे आकडे देवस्थळीनं झोपा काढून मनानं भरले असावेत. वही? ती साइटवर जळाली.

"वही कुठाय?" नीलानं विचारलं.

"वहिनी, किती वेळा सांगू? त्या आगीत सगळंच..."

"अंशुमन आकड्यापुढे जी लिहायचा. इंग्रजीतला छोटा जी, भोवती गोल. गेज आहे, अ‍ॅब्सोल्यूट नाही, हे कळायला."

"हो ना," श्रीपादराव हसले. दाब दोन तऱ्हांनी सांगतात: बाहेरच्या हवेच्या वर किती तो गेज, आणि हवेचं ओझं धरून एकूण तो अ‍ॅब्सोल्यूट. कुणी नुसता आकडा म्हटला की अंशुमन लगेच विचारायचा, 'सर, गेज की अ‍ॅब्सोल्यूट?' सगळी साइट त्याची थट्टा करायची.

"किराणाच्या यादीत साखर पाचशे लिहून त्याच्यापुढे जी आणि गोल," नीला म्हणाली. "मी म्हणायचे, हे ग्रॅम की गेज?" तीही जराशी हसली. मग तिनं पर्समधून एक झेरॉक्स काढली. "तुमचा अहवाल. माहितीच्या अधिकारात मिळवायला मला चार वर्षं लागली. पहिल्या चोवीस आकड्यांपुढे गोल आहेत. पुढच्या अठ्ठेचाळीसांपुढे एकही नाही."

"टायपिस्टनं गाळले असतील."

"पहिले चोवीस नाही गाळले."

श्रीपादरावांच्या दाढेत तिळगूळ अडकला होता. ते जिभेनं तो काढत राहिले.

नीला उठली. "मला दुसरं काही नको. ती वही आणि तुमच्या सहीचा एक कागद. बहात्तर तास देते. शनिवारी याच वेळी येईन."

"आणि नाही मिळालं तर?"

"तुम्ही त्याला चोवीसच दिले होते," ती म्हणाली आणि बाहेर पडून तिनं दार ओढून घेतलं.

घड्याळात दहा चाळीस झाले होते. दाराखालच्या फटीतून धुक्याची एक पातळ जीभ आत आली. ती फट दर वर्षी तेवढी राहायची. श्रीपादराव चिडून टेप घेऊन आले, गुडघ्यावर बसले आणि त्यांनी तीही बंद केली.

"निजली," ते सवयीनं म्हणाले.

३

पावणेबारा वाजता ते चहाचा कप घेऊन हॉलमध्ये आले आणि गेजपाशी थबकले. काटा शून्यावर नव्हता.

फार नाही, केसभर वर. त्यांनी काचेवर नखानं टिचकी मारली. काटा थरथरला आणि होता तिथेच थांबला. थंडीनं पितळ आक्रसलं असेल. किंवा आतली नळी म्हातारी झाली असेल. आपलेही गुडघे हल्ली कुठे शून्यावर येतात? स्वतःच्या विनोदावर ते हसले. तेवढ्यात त्यांना आठवलं की निरोपाच्या दिवशी हा गेज अंशुमननंच हातात दिला होता आणि म्हणाला होता, 'सर, याचा शून्य पक्का आहे. मी स्वतः तपासलाय.'

पावणेदोनला काटा तीनशेच्या पुढे होता. पावणेचारला नऊशे. आकडे त्यांनी सवयीनं चिठ्ठ्यांवर टिपले.

ऑफिसातल्या राजीवला त्यांनी फोन लावला. राजीव त्यांच्याच खात्यातला, दिल्लीत वाढलेला मराठी.

"राजीव, कशाला न जोडलेला गेज रीडिंग दाखवू शकतो का रे?"

"बिल्कुल नाही, सर. आत आणि बाहेर तीच हवा, तो काय दाखवणार? डेड आहे तो. चांदनी चौकात किलोवर विकून टाका."

"चढतोय."

"सर, रिटायरमेंट सतरा दिवसांवर आलीये. प्रेशर तुमचं चढतंय, यार, गेजचं नाही!" राजीव खदखदून हसला. त्याचं हसणं श्रीपादरावांना लांबून, पाण्याखालून आल्यासारखं वाटलं. त्यांनी नाक दाबून फुंकर मारली. विमान उतरताना बसतात तसे दोन्ही कान बसले होते.

सर्दी असणार. जानेवारीत दिल्लीत कुणाला नसते?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पलंगाखालची ट्रंक ओढली. सुखदाबाईंच्या जुन्या शालींखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, अंशुमनची वही होती.

ती त्यांनी जाळली का नव्हती, असं तुम्ही विचाराल. श्रीपादरावांनी खोटे आकडे लिहिले असतील, पण खरे आकडे फेकून देणं त्यांच्या हाताला कधी जमलं नाही. हाडाच्या इंजिनियरची ही खोड, आणि तीच नडते.

काळी कापडी पाठ, कोपरे तेलकट. अंशुमनचं उजवीकडे कललेलं अक्षर, प्रत्येक आकड्यापुढे जी, भोवती नीटस गोल. चोविसाव्या ओळीनंतर एक वाक्य: 'सरांच्या सांगण्यावरून चाचणी थांबवली. राहिले अठ्ठेचाळीस.'

श्रीपादरावांनी कालपासून लॅपटॉपच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या चिठ्ठ्या गोळा केल्या. पहिला तास. तिसरा. पाचवा. नववा. वहीतला आकडा आणि चिठ्ठीतला आकडा. वहीतला आकडा आणि चिठ्ठीतला आकडा. एकाही ओळीत फरक नव्हता. नऊ वर्षांपूर्वी खाऱ्या रणाच्या काठावर जी विहीर जशी चढली होती, तशीच ती नोएडाच्या अकराव्या मजल्यावर चढत होती.

दहा चाळीसला चोवीस तास पुरे झाले. काटा तीन हजार ऐंशी. वहीतही तीन हजार ऐंशी.

आता? आता त्यांचा स्वतःचा अहवाल सुरू होत होता. त्यानुसार काटा इथून जेमतेम चाळीस चढून थांबायला हवा होता. श्रीपादराव खुर्ची ओढून समोर बसले. मांडीवर वही, हातात पेन. त्यांना मनापासून वाटत होतं की काटा थांबावा. इतक्या मनापासून त्यांनी देवाजवळही काही मागितलं नव्हतं.

तो पाच तास रेंगाळला. एकतीसशे वीसवर आला. तिथे क्षणभर टेकला.

आणि मग पुढे गेला.

श्रीपादरावांनी आकडा लिहिला. लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण तो वहीत लिहिला, अंशुमनच्या वाक्याखाली सहाव्या ओळीत. वरच्या पाच ओळीही भरलेल्या होत्या. अक्षर त्यांचंच. आणि प्रत्येक आकड्यापुढे जी, भोवती गोल.

त्यांनी आयुष्यात कधी आकड्यापुढे जी लिहिला नव्हता.

५

तिसऱ्या दिवशी घर वेगळं वागायला लागलं.

रात्री झोप लागली होती की नाही, कुणास ठाऊक. सकाळी वहीत रात्रीच्या सगळ्या तासांचे आकडे होते. स्वयंपाकघरात पाण्याची रिकामी बाटली कुणी तरी मुठीत धरून पिळावी तशी चेपून पडली होती. चिवड्याचं न फोडलेलं पाकीट आतल्या शेंगदाण्यांना चिकटून बसलं होतं, दाणा न् दाणा वरून मोजता येत होता. खिडक्यांवरची टेप फटींमध्ये आत ओढली गेली होती. प्रत्येक फटीच्या जागी एक पन्हळ. बाल्कनीची काच बाहेरच्या बाजूला बाक काढून उभी होती. मधूनच ती कण्हायची. कान पूर्ण बसलेले, तरी ते कण्हणं दातांमधून कळायचं.

खोलीतला दाब वाढलाय. डोकं ताळ्यावर असलेला माणूस यापेक्षा दुसरं काय म्हणेल? पण वाढेल कशानं? हवा येतेय कुठून? आणि काटा म्हणतोय त्याचा शंभरावा हिस्सा जरी खरा असता तरी आपण आत्तापर्यंत... त्यांनी विचार तिथेच सोडला.

त्यांनी दार उघडून बघायचं ठरवलं. दार आत उघडणारं. लॅच फिरला, कडी निघाली, दार हललं नाही. पाय भिंतीला लावून ओढलं. पलीकडून दहा माणसं धरून बसल्यासारखं ते चौकटीत घट्ट.

सोसायटीच्या मेंटेनन्सला त्यांनी मेसेज केला. फोनवर काही ऐकू येतच नव्हतं. दोघं आले असावेत, कारण दार दोनदा धडधडल्याचं तळव्यांना कळलं. मग मेसेज आला: 'सर, ठंड में लकड़ी फूल गई है। अंदर से खींचिए। कारपेंटर कल आएगा, आज छुट्टी पर है।'

सुखदाबाईंचाही मेसेज होता: 'पोळ्या खाल्ल्या का? तुपाशी ना?'

'हो. कान दुखतोय जरा,' त्यांनी लिहिलं. दुसरं काय लिहिणार? आपल्या घरात एका मेलेल्या माणसाची विहीर चढतेय, लवकर ये?

खिडकी फोडावी म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातला बत्ता उचलला. काचेपर्यंत गेले. हात वर केला आणि त्यांच्या तीस वर्षांच्या नोकरीनं तो वरच्या वर धरला. एकदम उघडायचं नाही. साइटवर विहीर उठवायची वेळ आली की अंशुमन झडपेच्या चाकावर दोन्ही हात ठेवून दर वेळी विचारायचा, 'सर, हळू की एकदम?' शंभरदा उत्तर माहीत असून विचारायचा. आणि श्रीपादराव म्हणायचे, 'एकदम उघड, मग तुला शोधायला माणसं पाठवतो.' सगळे हसायचे.

शोधायला खरंच माणसं पाठवावी लागली होती. त्यांना फारसं काही सापडलं नव्हतं.

श्रीपादरावांनी बत्ता खाली ठेवला. काटा चार हजारांवर होता.

६

शनिवारी सकाळी साडेनऊला त्यांनी हिशेब मांडला. घरात हे जे काही आहे ते या वहीपायी आहे. वहीच नसेल तर चाचणीच नाही. आणि नीला येईल तेव्हा सांगायला तेच जुनं वाक्य: जळाली. या वेळी ते खरं तरी असेल.

हा विचार करताना त्यांना अंशुमन आठवला नाही, मैत्रेयी आठवली नाही. आठवली ती सुरक्षा समितीची खुर्ची. असो.

ते वही घेऊन शेगडीपाशी गेले. नळावाटे येणारा गॅस. नॉब फिरवला की फुस्स आवाज येतो. आवाज कानांना कळणार नव्हताच. त्यांनी काडी पेटवून बर्नरजवळ नेली.

ज्योत लागली नाही. काडीचीच ज्योत वाकली. बर्नरच्या बारीक भोकांकडे, खाली, आत. कुणी तरी पलीकडून ओठ लावून हळू ओढून घ्यावी तशी ती लांब झाली आणि भोकात शिरून विझली.

दुसरी काडी. तीही तशीच प्यायली गेली.

श्रीपादरावांनी नॉब बंद केला. अर्थ सरळ होता. गॅस घरात येऊ शकत नव्हता. घरच गॅसच्या नळीत शिरू बघत होतं. नळी, खिडक्या, दार, जिथे वाट मिळेल तिथून आतलं काही तरी बाहेर पडायला बघत होतं, आणि सगळ्या वाटा त्यांनी स्वतःच्या अंगठ्यानं दाबून बंद केल्या होत्या.

वही ओट्यावर उघडी पडली होती. सत्तर ओळी भरल्या होत्या.

७

दहा वाजून पस्तीस मिनिटांनी ते दाराशी जमिनीवर बसले होते. मांडीवर गेज, गेजवर वही. एकाहत्तरावी ओळ त्यांनी तासाभरापूर्वी लिहिली होती: चार हजार दोनशे चाळीस. बहात्तरावी रिकामी होती.

फोन थरथरला. 'दारात आहे. नीला.'

'वही देतो,' त्यांनी टाइप केलं. 'सही पण देतो. अंशुमनची काही चूक नव्हती, सगळ्यांसमोर सांगेन. दार ढकला वहिनी. हळू.'

'आधी वही.'

त्यांनी दाराखालची टेप नखांनी उचकटली. फट उघडताच वारा पोटऱ्यांना लागला, आतून बाहेर, आणि वही त्यांच्या हातातून हिसकून घेतल्यासारखी फटीतून सरकून गेली. वारा वाहतच राहिला. काटा मात्र तसूभरही उतरला नाही.

पलीकडे ती पानं उलटत असणार. एकाहत्तर ओळींवरून बोट फिरवत असणार. श्रीपादरावांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. कानांच्या दुखण्यानं असेल.

फोन थरथरला. 'शेवटची ओळ कुणी लिहिली?'

'मीच. चोविसाव्यानंतरच्या सगळ्या मीच लिहिल्या.'

उत्तरादाखल फोटो आला. वहीचं शेवटचं पान. एकाहत्तराव्या ओळीपर्यंत श्रीपादरावांचं ताठ अक्षर. त्याखाली बहात्तरावी ओळ, शाई अजून ओली, अक्षर उजवीकडे कललेलं. चार हजार दोनशे साठ. पुढे गोल. आणि गोलात जी नव्हता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं गोलात ए लिहिला होता. अ‍ॅब्सोल्यूट. म्हणजे सगळं धरून. डोक्यावरचं ओझंसुद्धा.

श्रीपादरावांनी मांडीवरच्या गेजकडे पाहिलं. काटा चार हजार दोनशे साठवर होता. भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते. आणि गेजच्या काचेत त्यांच्या खांद्यामागे नारिंगी काही तरी होतं. साइटवरचा डगला. अदबीनं अर्धं पाऊल मागे उभा राहणारा माणूस उभा राहतो तसा, दोन्ही हात पुढे, नसलेल्या चाकावर ठेवल्यासारखे. काच लहान होती. गळ्याच्या वरचं तिच्यात मावत नव्हतं. गळ्याच्या वर काही होतं का, ते त्यांना कळलं नाही आणि मान वळवायचं त्यांना सुचलं नाही.

ओल्या चिखलाचा आणि गंधकाचा वास आला.

दोन दिवस ज्या कानांना काचेचं कण्हणं ऐकू आलं नव्हतं, त्या कानांना आता अगदी स्वच्छ, नम्र आवाज ऐकू आला.

"सर, बहात्तर झाले. उठवू?"

श्रीपादरावांनी तोंड उघडलं. हवा आत शिरली, शब्द बाहेर आला नाही.

"सर, हळू की एकदम?"

हळू. हळू म्हणायचं होतं. दोनच अक्षरं. त्यांनी छातीचा भाता पिळून काढला, ओठ त्या शब्दावर आणले, आणि दाराच्या दुसऱ्या बाजूला एक तळहात अलगद टेकल्याचं त्यांच्या दाराला टेकलेल्या गुडघ्यांना कळलं.

नीलाला आतलं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण संक्रांतीच्या दिवशी जे म्हणायचं तिच्याकडून राहून गेलं होतं, त्याची भरपाई केल्यासारख्या गोड, फार गोड आवाजात ती बाहेरून म्हणाली,

"एकदम."